शस्त्रावरची हळद

२८ सप्टेंबर, गाव

परवान्याचं पुस्तक मागितलं तेव्हा धाकटा भाऊ सूर्यभान लगेच उठला नाही. तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "त्यात काय बघायचंय? मेलेल्या मानसाचा परवाना. मी हाय की गावचा पोलीसपाटील. सोमवारी ठान्यात जमा करतो, पावती घेतो, मोकळं."

मी म्हटलं, जमा करायचंच आहे. पण आधी ते नेमकं काय आहे ते मला कळलं पाहिजे.

"रिव्हॉल्व्हर हाय. आनखी काय असनार? तोफ?"

त्याची बायको आतून हसली. मी पुस्तक मिळेपर्यंत हात पुढे करून बसलो.

तात्यांना, आमच्या वडिलांना, जाऊन सोळा दिवस झाले. शस्त्र देव्हाऱ्याखालच्या फडताळात आहे. आजोबा भंडारदऱ्याच्या धरणावर मुकादम होते. तिथल्या एका इंग्रज इंजिनिअरला त्यांनी पुरातून ओढून काढलं आणि साहेबाने जाताना स्वतःचं रिव्हॉल्व्हर दिलं, असं घरात सांगतात. आजोबांच्या नावावरचा परवाना पुढे तात्यांच्या नावावर झाला. दर वर्षी खंडेनवमीला ते बाहेर निघतं. तेल, हळद, कुंकू, झेंडूचं फूल. जुनी हळद काढायची नाही, तिच्यावर नवी चढवायची, ही आमच्या घरची रीत. आता ते शस्त्र कमी आणि शेंदूर फासलेला देव जास्त दिसतं.

या रीतीवर मी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिला आहे. संपादकांना फोटोखाली मेक आणि नंबर हवा आहे. परवान्यात आहे: वेब्ली, .३२, क्रमांक ४७३१६. पण प्रत्यक्ष शस्त्रावरचा नंबर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी छापायला देणार नाही. आयुष्यभर विद्यार्थ्यांना हेच सांगितलं.

यंदा दुखवटा आहे, त्यामुळे पूजा नाही. मी ते बरोबर घेऊन जातो म्हटल्यावर सूर्यभान पहिल्यांदा उठून उभा राहिला.

"दादा, न्हेऊ नका."

"का?"

"देवाचं हाय. पुसू-बिसू नका."

दहावी पास माणूस. मी वाद घातला नाही.


३० सप्टेंबर, संगमनेर

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून, गाडीच्या डिकीत ठेवून आणलं. नियम आज वाचले. परवानाधारक वारला की वारसांनी विनाविलंब शस्त्र जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. दोन तालुके ओलांडून न्यायचं असं कुठे लिहिलेलं नाही. फार जुनं, वापरातून गेलेलं, दुरुस्त करूनही चालणार नाही असं शस्त्र असेल तर त्याला परवान्यातून सूट आहे, पण ते जाणकाराने ठरवायचं. मला तीच आशा आहे. तसं ठरलं तर आजोबांच्या नावाची पाटी लावून एखाद्या वस्तुसंग्रहालयाला देता येईल.

दिशाने डबा उघडला आणि लगेच बंद केला.

"बाबा, माझी चारित्र्य पडताळणी चालू आहे. मी फौजदार होणार आहे. आणि तुम्ही बिनपरवान्याचं हत्यार बिस्किटांच्या डब्यात घालून आणता?"

"परवाना आहे. तात्यांचा."

"तात्या नाहीत."

सहा वर्षं अभ्यास केला तिने. तीन वेळा पूर्वपरीक्षा, दोनदा मैदानी चाचणी, एकदा पायाचं हाड मोडलं. यादीत नाव आल्यावर गावाने तिला उघड्या जीपमधून मिरवलं होतं. आता फक्त पोलिसांचा अहवाल आणि नेमणुकीचा आदेश बाकी आहे. तिला म्हटलं, आठवड्यात जमा करतो.

राजेश्वरी म्हणाली, "सूर्यभान भाऊजी करणारच होते ना?"

माझ्या बायकोला भाऊजींचं सगळं सोपं वाटतं.


२ ऑक्टोबर, दसरा

पूजा नाही. डबा कपाटावर आहे. लेखातला दुसरा परिच्छेद पुन्हा वाचला. 'लहानपणी ते चकाकत असे असं मला आठवतं. पण लहानपणी सगळंच चकाकतं.' वाक्य चांगलं झालं आहे.


५ ऑक्टोबर, रविवार

आज नगरला गेलो. नाव बदललं तरी तोंडात नगरच येतं. सुभेदार राधाकृष्ण तिथे भिंगार बाजूला राहतात. लष्करात तीस वर्षं हत्यारं दुरुस्त करत होते. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी.

अंगणात टेबलावर वाळूने भरलेली गोणी आडवी ठेवलेली होती. मी डबा उघडून शस्त्र उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. ते खुर्चीवरून बाजूला झाले. वयाच्या मानाने फार चपळ.

"सर, खाली ठेवा. नळी गोणीकडे. बोट बाहेर काढा आधी."

माझं बोट चापाच्या कड्यात होतं. मला माहीतही नव्हतं.

"रिकामं आहे," मी म्हटलं.

"कुणी उघडून बघितलं?"

"घरात सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे कुणीच नाही." त्यांनी चष्मा लावला. "सर, भरलेल्या हत्याराला माणूस घाबरतो. मरतो तो रिकाम्याच्या भरवशावर."

त्यांनी सुनेला आणि नातवाला घराच्या मागच्या बाजूला पाठवलं. शस्त्राच्या घोड्याला हात लावला नाही. रॉकेलमध्ये चिंधी भिजवून सांध्यावर ठेवली आणि आम्ही अर्धा तास दूर बसून राहिलो. त्यांनी मला दिशाबद्दल विचारलं. मी सांगितलं. मग ते उठले, नळी गोणीत रुतवूनच खटका दाबला. दोनदा सरकला नाही. तिसऱ्यांदा हळदीचा एक पापुद्रा निघून पडला आणि शस्त्र मधल्या बिजागरीवर मोडून उघडलं.

आत दोन काडतुसं होती. हिरवी पडलेली.

आई दर खंडेनवमीला त्याच्यासमोर समई लावते. नातवंडं त्याला पाया पडायला येतात, लहान असतील तर कपाळ टेकवतात. सुभेदारांनी काडतुसं काढली, वेगळ्या डबीत ठेवली. चिंधीने पुसत राहिले. खाली पिवळं-लाल पाणी साचलं.

"परवान्यात नंबर काय आहे?"

"४७३१६."

"इथं नंबर नाही." त्यांनी शस्त्र प्रकाशाकडे धरलं. "कुठेच नाही. विलायती मालावर कारखान्याचे शिक्के असतात, चाचणीचे मुकुट असतात. इकडे या. आता बघा नळीतून, रिकामं आहे, मी सांगतोय. काय दिसतं?"

"काही नाही. गुळगुळीत."

"आटे हवेत. पेचासारखे. गोळी फिरत जावी म्हणून. ही नळी नाही सर, हा पाइप आहे."

मला समजायला वेळ लागला. त्यांनी सावकाश सांगितलं. हे जुनं नाही. शंभर वर्षांचं तर नाहीच, तीस-पस्तीस वर्षांचं असेल. कुणा हुशार लोहाराने घडवलेलं. "काम झकास केलंय. मूळ माल समोर ठेवल्याशिवाय असं जमत नाही."

म्हणजे बनवताना मूळ रिव्हॉल्व्हर त्याच्यासमोर होतं. म्हणजे ते घरातूनच गेलं.

निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला. "सर, परवान्याचं शस्त्र गायब आणि बेपरवान्याचं तुमच्या डिकीत. एका डब्यात दोन गुन्हे आहेत. पुढच्या सोमवारपर्यंत ठाण्यात द्या. मी बघितलंय. नाही दिलंत तर मला कळवावं लागेल. पेन्शन खातो मी सरकारची."


६ ऑक्टोबर

दर निवडणुकीला परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करतात. फडताळातल्या पावत्या मी आणल्या होत्या, त्या तपासल्या. सगळ्यांवर ४७३१६. दर नूतनीकरणाला 'समक्ष पाहिले' असा शिक्का. पस्तीस वर्षांत एकाही हवालदाराने नखाने हळद खरवडली नाही. सगळ्यांनी परवान्यातला नंबर पावतीवर उतरवला आणि शस्त्राला हात जोडले असतील.

तात्या थकल्यावर ठाण्यात कोण घेऊन जायचं? पोलीसपाटील. 'पुसू-बिसू नका' कोण म्हणालं?

मला आता सगळं स्पष्ट दिसतं आहे.


८ ऑक्टोबर, गाव

सूर्यभान गोठ्यात होता. मी प्रस्तावना केली नाही. सुभेदार काय म्हणाले ते सांगितलं आणि विचारलं, मूळ रिव्हॉल्व्हर कुठे आहे?

त्याने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मी नोकरीला लागलो तेव्हापासून तो मला 'तुमी' म्हणतो. त्याआधी आम्ही एका गोधडीत झोपायचो.

"दादा, तुमी कशापायी उघडलं ते?"

"कुठे आहे?"

"मी जमा केलं असतं ना तसंच. हळदीसकट. कुनी बगितलं नसतं. कोठीत पडून गंजलं असतं."

"सूर्यभान, तू विकलंस का?"

म्हैस रवंथ करत होती.

"व्हय," तो म्हणाला.

"काय व्हय?"

"मीच इकलं."

"कधी?"

"लई वर्सं झाली."

"कुणाला?"

"आता ते कशाला? मेला आसंल त्यो."

"तात्यांना माहीत होतं?"

"तात्यांचं नाव घिऊ नका." हे मात्र त्याने मोठ्याने म्हटलं.

मला राग यायला हवा होता. मला समाधान वाटलं. प्रामाणिकपणे नोंदवतो. घरात दोन मुलं वाढली. एकाने पुस्तकं धरली, दुसऱ्याने हे. पोलीसपाटील म्हणून गावात त्याला नमस्कार पडतात, भांडणं मिटवायला लोक त्याला रात्रीचं उठवतात, आणि मी आलो की 'पाटलांचे भाऊ' म्हणून ओळख करून देतात. असो.

आई ओसरीवर शेंगा फोडत होती. तिने ऐकलं असणार.


९ ऑक्टोबर, गाव

सकाळी निघणार होतो. आईने बोलावलं. तिचं वय पंच्याऐंशी. ऐकू कमी येतं असं म्हणते, पण तिला हवं ते येतं.

"आदिनाथ, बस. त्यानं न्हाई इकलं."

"त्याने स्वतः कबूल केलं, आई."

"त्यो काय, फाशीबी कबूल करंल." तिने शेंगांची टरफलं सुपात गोळा केली. "तुजे वडील घिऊन गेल्ते. संगमनेरला. शबनम पिशवीत घालून. सूर्यभान संगट व्हता, पिशवी त्याच्या खांद्याला व्हती."

"कशाला?"

"तुजी ऑर्डर आनायला."

मी तिला म्हटलं, तू काय बोलतेस?

"तुज्या कालेजच्या संस्थेच्या दादासायबाला असल्या जुन्या चीजवस्तूंचा नाद व्हता. तुज्या जागंवर दुसरा पोरगा घेनार व्हते, त्याचा बाप बागायतदार. आपल्याकडं काय व्हतं? ह्येच व्हतं. तुजे वडील म्हनले, पोरगं शिकून घरी बसलं तर हे देव्हाऱ्यात ठिऊन काय करू? देऊन आले. आठ दिसांनी तुजी ऑर्डर आली. पेढं वाटलं नव्हतं का आपन?"

"आणि हे?"

"हे मग करून आनलं. परवाना हाय तर शस्तर पायजे म्हनून. आन् मला म्हनले, झुंबर, आजपास्नं धुयाचं न्हाई. हळद चढवत ऱ्हायची." ती हसली. दात नाहीत, त्यामुळे हसू मोठं दिसतं. "तवर दर साली चिंचेनं घासायची मी. आरशासारखं दिसायचं. तुला ठावं न्हाई, तू हॉस्टेलात."

"मग सूर्यभान मीच विकलं का म्हणाला?"

"त्यालाच इचार ना."

मी विचारलं नाही. तो सकाळीच एका वाटणीच्या भांडणासाठी वस्तीवर गेला होता. मी निघालो.

रात्री, संगमनेर. आईचं वय झालं आहे. साल, माणसं यांची सरमिसळ होते. माझी निवड रीतसर मुलाखतीतून झाली, १९९१ मध्ये. सात उमेदवार होते. समितीत विद्यापीठाचे दोन तज्ज्ञ होते. त्यांतल्या एकांनी माझ्या प्रबंधाच्या विषयाचं कौतुक केलं होतं. सुवर्णपदक फक्त माझ्याकडे होतं. हे सगळं कागदावर आहे. इथेही नोंदवून ठेवतो.


११ ऑक्टोबर

दादासाहेबांच्या बंगल्यावर गेलो. ते जाऊन बारा वर्षं झाली. आता चिरंजीव संस्था पाहतात. निवृत्तीनंतर सदिच्छा भेट राहिली होती, असं सांगितलं.

दिवाणखान्यातलं काचेचं कपाट मी किती वेळा पाहिलं असेल? दर दिवाळीला सगळे प्राध्यापक फराळाला जायचो. चौतीस दिवाळ्या. तलवारी, दोन जंबिये, एक ढाल, आणि मधल्या फळीवर हिरव्या मखमलीवर एक रिव्हॉल्व्हर. दादासाहेबांच्या गौरवग्रंथात या कपाटावर परिच्छेद आहे. तो मी लिहिला आहे. 'या शस्त्रसंग्रहातून त्यांचं निखळ इतिहासप्रेम दिसतं.'

"बघा ना सर, जवळून बघा," चिरंजीव म्हणाले आणि त्यांनी कपाटातला दिवा लावला.

मी चष्मा बदलला. दस्त्याच्या वर, पोलादात कोरलेले आकडे. त्यांना कुणी हळद लावलेली नव्हती.

४७३१६.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. लोक वडिलांना प्रेमानं काय काय आणून द्यायचे. शेतकरी, पालक. तो काळच वेगळा होता, सर. आता कोण देतं?"

चहा आला. मी घेतला. चिवडाही घेतला. दारापर्यंत सोडायला ते आले, तब्येतीला जपा म्हणाले.

गाडी चालू केली नाही. बसून राहिलो. सुवर्णपदक खरं आहे. मुलाखतही खरी आहे. त्या पदकासह मी घरी बसलो असतो, हेही खरं असू शकतं. चौतीस वर्षं मी वर्गात उभा राहिलो ती जागा खांद्याला पिशवी लावलेल्या एका बावीस वर्षांच्या मुलाने आणून दिली. त्याला दहावीनंतर शाळा का सोडावी लागली, हे मी कधी विचारलं नाही. त्याला शिकायचंच नव्हतं, असं आमच्या घरात मीच सांगत आलो.


१२ ऑक्टोबर

उद्या सोमवार.

खरं सांगायचं तर असं सांगावं लागेल: आमच्या वडिलांनी परवान्याचं शस्त्र माझ्या नोकरीसाठी अमुक व्यक्तीला दिलं. ते आजही तिथे आहे. मी परवा पाहिलं. बनावट शस्त्र वडिलांनी घडवून घेतलं आणि मी ते दोन आठवडे माझ्या घरात ठेवलं.

मग बंगल्यावर पोलीस जातील का? जाणार नाहीत. किंवा जातील, आणि त्याआधी कपाटातली मखमल रिकामी झालेली असेल. माझ्यावर मात्र गुन्हा दाखल होईल. दिशाच्या पडताळणीच्या अर्जात वडिलांचं नाव पहिल्याच रकान्यात आहे. कायद्याने बापाच्या गुन्ह्यासाठी मुलीची नेमणूक अडवता येत नाही म्हणतात. म्हणतात.

तिने आज विचारलं, "काकांनी विकलं हे नक्की ना?"

मी म्हटलं, "त्याने कबूल केलं आहे."

हे वाक्य खोटं नाही. म्हणताना मी शब्द निवडले होते.

सूर्यभानला फोन केला. बंगल्यावर जाऊन आलो, एवढंच सांगितलं. पलीकडे गोठ्याचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "दिसलं का?"

"हो."

"चांगलं ठिवलंय का?"

"हो. मखमलीवर."

"मंजी बरंय," तो म्हणाला. "उद्या धा वाजता ठान्यापाशी या. डबा मी धरतो."


१३ ऑक्टोबर, सोमवार

ठाण्याबाहेर त्याने माझ्या हातातून डबा आणि काडतुसांची डबी घेतली. नवं धोतर, टोपी. साहेब तरुण आहेत, जिल्ह्यात नवीन. सूर्यभानला पाहून उठले. "या पाटील, बसा. चहा सांगतो."

"चहा मागनं, सायेब. आदी जबाब घ्या."

त्याने सगळं उभ्याने सांगितलं. मूळ रिव्हॉल्व्हर त्याने १९९१ मध्ये वडिलांना न सांगता विकलं. त्याजागी हे करून आणलं. वडिलांना कधी कळलं नाही. त्यांच्या मृत्यूनंतरही शस्त्र आणि काडतुसं त्याच्याच ताब्यात होती. मोठा भाऊ संगमनेरला असतो, त्याला यातलं काही माहीत नाही, तो नुसता आधाराला आला आहे.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला अजूनही माहीत नाही. सूर्यभानने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू गप ऱ्हा, दादा."

चौतीस वर्षांनी 'तू'.

"पाटील, तुम्हाला कळतंय ना?" साहेब म्हणाले. "शस्त्र कायदा लागतो. आजच निलंबनाचा अहवाल प्रांताकडे जाईल. चार वर्षं राहिली होती तुमची. कोर्टात तारखा पडत राहतील."

"कळतंय की. मीच लोकान्ला समजावून सांगत आलो ना हे."

"विकलं कुणाला?"

"वळखीचा नव्हता."

मोनिका नावाची शिपाई संगणकावर टंकत होती. वाक्य दोनदा अडलं. साहेब मला म्हणाले, "सर, तुम्ही मराठीचे प्राध्यापक. मजकूर तेवढा सांगता का? आमच्या जबाबांची भाषा कोर्टात हसण्यावारी नेतात."

मी सांगितला. 'सदर मूळ शस्त्र मी वडिलांच्या अपरोक्ष एका अनोळखी इसमास विकले. या कृत्यास माझ्याखेरीज अन्य कोणीही जबाबदार नाही.' दुसरं वाक्य सूर्यभानने सांगितलं नव्हतं. ते मी घातलं. जबाबात अशा एका वाक्याची गरज असते. छापून आल्यावर मी वाचून पाहिलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं, आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने पूर्ण नाव लिहून सही केली. सूर्यभान गहिनीनाथ. वडिलांचं नाव लिहिताना पेन थांबला, पण ते शाईमुळेही असेल.

साहेब मला हळूच म्हणाले, "तुमच्या मुलीची पडताळणी संगमनेरहून येईल ना? काळजी करू नका. काकांचं काकांपाशी."

१४ तारखेची भर: आज जामीन झाला. जामिनाला गावातले दोघे आले होते. मला घाट उतरून वेळेत पोचता आलं नाही.


२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

अंक आला. लेख पहिल्या पानांत आहे. मेक आणि नंबर न देता फोटो छापला आहे. दोन वाचकांचे फोन. एक बाई म्हणाल्या, "हळदीच्या थरांची ती शंभर वर्षांची रीत वाचून डोळ्यांत पाणी आलं हो."

मी आभार मानले.


३ नोव्हेंबर

सूर्यभानच्या जागी तात्पुरता शेजारच्या गावच्या पोलीसपाटलाकडे कारभार दिला आहे. त्याच्या बायकोने राजेश्वरीला फोनवर सांगितलं, आता भांडणं मिटवायला कुणी येत नाही. परवा पाणवठ्यावर कुणीतरी 'गावठी कट्टेवाले पाटील' म्हणालं. आईने त्या माणसाच्या अंगणात जाऊन त्याच्या आईचा उद्धार केला. पंच्याऐंशीव्या वर्षी.

राजेश्वरीने फोन ठेवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "भाऊजींनी आयुष्यात कधी काही विकलंय का हो?" ती म्हणाली. "त्यांनी म्हातारा बैलसुद्धा विकला नाही."

मी म्हटलं, माणसं आतून वेगळी असतात.


२९ नोव्हेंबर

दिशाचा आदेश आला. पडताळणीत आक्षेप नाही. प्रशिक्षणाला नाशिकला हजर व्हायचं आहे.

घर भरलं. शेजारी, माझे जुने सहकारी, संस्थेकडून पुष्पगुच्छ. दिशा सगळ्यांच्या पाया पडली. संस्थेचे चिरंजीव स्वतः आले. त्यांच्याही पडली. ते म्हणाले, "बापाचे संस्कार."

पाहुणे गेल्यावर जेवायला बसलो होतो तेव्हा सूर्यभानचा फोन आला. माझ्याच मोबाईलवर. मागे आईचा आवाज ऐकू येत होता, ती फोन मागत होती.

"दादा, फौजदारबाईला द्या की जरा. पेढं घिऊन यिऊ का उद्या, का तिलाच इकडं आनता? गावात मिरवनूक न्हाई काडत आता, पन घरच्या घरी ओवाळू."

मी दिशाकडे पाहिलं. फोनवर हात ठेवून म्हटलं, "काका."

तिने मान हलवली. आवाज खाली न करता म्हणाली, "मला नाही बोलायचं. वर्दी घालणार आहे मी आता. घरातलं शस्त्र विकणाऱ्या माणसाशी काय बोलू? आजोबांना फसवलं त्यांनी."

राजेश्वरी ताटावरून उठून आत गेली.

मला तेव्हा सांगता आलं असतं. घरात आम्ही तिघंच होतो, दार लावलेलं होतं, आदेश हातात होता. कुणाचंही काही अडणार नव्हतं. एवढंच झालं असतं, की तिने माझ्याकडे त्या नजरेने पाहिलं असतं.

मी फोन कानाला लावला. "ती बाहेर गेली आहे," म्हटलं.

तिचा आवाज त्याला ऐकू गेला असणार. मोबाईलवर हात ठेवून काही होत नाही.

"बरं बरं," सूर्यभान म्हणाला. "मोठी मानसं. कामं असत्यात. जेवू द्या तिला."

त्याने ठेवला.

"काय म्हणत होते?" दिशाने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि वरण वाढून घेतलं.